बँजोवरची मैना

आमच्या गावच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत बँजो पार्टी मारुतीच्या देवळापुढे आली की एक चाल हटकून वाजते. आधी सिनेमाची चार गाणी होतात, एखादे कोळीगीत होते, पोरे नाचून घामाघूम होतात. मग बँजोवाला क्षणभर थांबतो आणि अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ सुरू करतो. नाचणारे नाचतच राहतात, पण पारावर बसलेली जुनी माणसे ओठ हलवू लागतात. बँजो काही शब्द बोलत नाही. ते ज्याचे त्याने घालायचे असतात. यंदा आम्ही मुद्दाम पाराकडे पाहिले, तर ओठ हलणारे पाच-सहाच उरले होते.

आधी या वाद्याविषयी, कारण नावामुळे मोठा घोटाळा झाला आहे. अमेरिकेतला बँजो निराळा. तो गोल, कातडे ताणलेला, आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी तिकडे घडवलेला. आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचे मूळ जपानात आहे. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरच्या कळांवरून हे वाद्य सिद्ध केले. त्याच वर्षी जपानात सुरू झालेल्या तायशो कालखंडावरून त्याला तायशोगोतो म्हणतात. लांबट लाकडी पेटी, तीवर तारा. डाव्या हाताने कळ दाबायची आणि उजव्या हाताने नखीने तार छेडायची. बलुचिस्तानात याच घराण्यातल्या वाद्याला बेंजू म्हणतात. आपल्याकडे त्याला वायर जोडली, भोंगा दिला, आणि ढोल-ताशाच्या गदारोळातही तो ऐकू येऊ लागला. नाहीतर भर रस्त्यात एवढ्याशा पेटीला कोण विचारतो?

चाल मात्र तमाशातल्या छक्कडीची. छक्कड हा लावणीचाच एक प्रकार. वाटेगावला १९२० साली जन्मलेल्या अण्णाभाऊंनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हा जुना साचा कामाला लावला. पोटासाठी मुंबईला गेलेल्या गड्याची गावी राहिलेली बायको, ती मैना. तिच्या रूपाचे वर्णन होते, मग मुंबईची तऱ्हा येते, आणि शेवटाकडे येता येता ही ताटातूट नवरा-बायकोची न राहता मुलखाची होते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी नावे येतात. म्हणजे ती मैना आपण! १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तरी मैना होती तिथेच. अण्णाभाऊ १९६९ साली गेले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्याचे कडवे लिहायला ते उरले नाहीत.

अमर शेखांच्या बुलंद आवाजातली, पुढे विठ्ठल उमपांनीही गायलेली ही छक्कड बँजोवर चढली की तिचे काय होते, हे ऐकण्यासारखे आहे. शाहीर एक अक्षर खालून वर ओढत नेतो, झीलकरी मागून जी जी धरतात. बँजोच्या कळा ठरलेल्या सुरावरच उतरतात; मधली ओढ त्यांना साधत नाही. म्हणून वादक नखी भराभर थरथरवतो आणि लांब हाक बारीक बारीक ठोक्यांनी भरून काढतो. विरहाचे गाणे असे नाचाचे होते. यावर आमच्या बैठकीत एकदा चांगलीच खडाजंगी झाली होती. विटंबना म्हणून ही चाल बंद करा, असे आमच्यातलेच काही म्हणत होते. आम्ही विरोध केला. सभेत ती वर्षातून एकदा ऐकू येते, मिरवणुकीत दरवर्षी गल्लोगल्ली फिरते.

पण परवा त्या बँजोवाल्या मुलाची वही पाहिली आणि आम्ही जरा हबकलो. आमच्याच गल्लीतला मुलगा, घरी मराठी बोलतो, शाळा कानडी. वहीत कळांचे आकडे ओळीने लिहिलेले, आणि वर गाण्याचे नाव कानडी अक्षरांत. त्या अक्षरांशी आमचे वैर नाही; शेजाऱ्याची लिपी आहे, आम्हीही वाचतो. चाल त्याने मामाकडून उचलली होती, बिनचूक. शब्द विचारले तर दोन ओळींवर थांबला. शेवटच्या कडव्याचे विचारले, तेव्हा म्हणाला, “चाल एकच की ओ सर. मग परत परत कशाला वाजवायचं?”

त्याचेही खरेच होते. बँजोला पहिले कडवे आणि शेवटचे कडवे सारखेच.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही त्याला वर्गात बसवले आणि ते कडवे फळ्यावर लिहिले. त्याच्या आजीला बोलावले होते. तिने आमची एक ओळ चुकली म्हणून तिथल्या तिथे दुरुस्त केली. पोराने आकड्यांखाली शब्द उतरवून घेतले, कानडी अक्षरांतच. आम्ही हटकले नाही. बेळगाव लिहिले, कारवार लिहिले, मग पेन्सिल थांबली.

“सर, डांग म्हणजे काय ओ?”

आम्ही कपाटावरचा नकाशा खाली काढला.