घरगुती गॅसिफायर: धूर का येतो?



मासळी सुकवायला ड्रमचा गॅसिफायर केलाय, पण धूर आणि डांबर फार, अशी विचारणा बरकतपुऱ्यातून आली. म्हणून सांगतो.

लाकूड ओलं असलं की आच मंदावते, डांबर जळत नाही. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली ठेवा, तुकडे सारखे करा. गॅस खालच्या निखाऱ्यांतून ओढला गेला की डांबर तिथंच जळतं. सांधे घट्ट ठेवा. हवा आत शिरली तर गॅस आतच जळून जातो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं उसाच्या पाचटावर चालणारा गॅसिफायर बनवला. पण तो पाचटासाठी. इंधन बदललं की रचनाही बदलते.

महत्त्वाचं: या गॅसमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो जीव घेतो. बंद खोलीत किंवा बोटीच्या केबिनमध्ये पेटवू नका. डोकं दुखलं, चक्कर आली तर लगेच बाहेर या.