आधी शेजारच्या काकू, मग कोलकात्याचे कलाकार!

ऑफिसमधून सुटायचं, गर्दीतून मेट्रो पकडायची, घरी दोन घास पोटात ढकलायचे आणि साडेआठला नाटकाच्या तालमीला हजर व्हायचं. तेही एक-दोन दिवस नाही, चांगलं महिनाभर! तुम्हाला जमेल? दिल्लीच्या चित्तरंजन पार्कमधल्या कितीतरी बंगाली घरांमध्ये दुर्गापूजा जवळ आली की हेच चालतं. या तालमीचे पैसे कुणाला मिळत नाहीत. मिळते ती फक्त एक संध्याकाळ. पण त्या एका संध्याकाळीसाठी अख्खी कॉलनी झटत असते.

दिल्लीत एवढे बंगाली कुठून आले?

१९११मध्ये इंग्रजांनी राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा केली. सरकारी कचेऱ्या हलल्या आणि त्यांच्यासोबत बंगाली बाबूही आले. काश्मिरी गेटची दुर्गापूजा तर त्याआधीपासूनची, १९१०ची. पुढे फाळणी झाली आणि पूर्व बंगालमधली घरंदारं सोडून आलेल्यांची भर पडली. त्यांना १९६०च्या दशकात दक्षिण दिल्लीत जमीन मिळाली. तेव्हा या वसाहतीचं नाव होतं ईपीडीपी कॉलनी, म्हणजे पूर्व पाकिस्तानातल्या विस्थापितांची कॉलनी. पुढे देशबंधू चित्तरंजन दास यांचं नाव तिला मिळालं. आज सगळे तिला 'सी. आर. पार्क' म्हणतात.

ज्यांचं गाव परत जाण्यासारखं उरलं नव्हतं, त्यांनी सोबत काय आणलं असेल? मासे रांधायची पद्धत, देवीची पूजा आणि नाटक!

अशी रंगते संध्याकाळ

पूजेच्या मांडवात संध्याकाळची आरती होते. ढाक थांबतो. लोक घुगनी, फिश फ्राय, एग रोल घेऊन खुर्च्या पकडतात. मग पडदा उघडतो आणि समोर येतात ते आपल्याच गल्लीतले लोक. बँकेतले काका जमीनदार झालेले असतात, तर शाळेत गणित शिकवणाऱ्या काकू त्यांच्या भांडकुदळ सासूबाई. कुणाची मिशी सुटते, कुणी वाक्य विसरतं, विंगेतून प्रॉम्प्टरचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत ऐकू येतो. प्रेक्षक खदखदून हसतात, पण त्या हसण्यात टिंगल नसते. आपल्या घरातलं मूल पडलं तर आपण जसे हसत हसत हात पुढे करतो ना, तसंच ते असतं.

त्यानंतर, किंवा दुसऱ्या दिवशी, कोलकात्याहून बोलावलेल्या नाट्यसंस्थेचा प्रयोग असतो. आता प्रकाशयोजना वेगळी, आवाजाची फेक वेगळी. मघाशी हसणारे प्रेक्षक एकदम गप्प होतात. आणि नीट पाहिलंत, तर मघाचे जमीनदार काका अर्धवट मेकअप पुसून मागे उभे असतात. ते प्रयोगातली प्रत्येक हालचाल डोळ्यांत साठवत असतात. हातातली छडी कशी धरायची, वाक्याआधी किती थांबायचं, हे ते पुढच्या वर्षासाठी शिकत असतात.

हौशी म्हणजे कच्चं?

आपण 'हौशी' म्हटलं की लगेच नाक मुरडतो. बंगाली रंगभूमीचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. कोलकात्यात तिकीट लावून नाटक करणारं नॅशनल थिएटर १८७२मध्ये 'नीलदर्पण'ने सुरू झालं. पुढे स्टारसारखी व्यावसायिक थिएटरं गाजली. तरीही विसाव्या शतकातली बरीच मोठी नाटकं आली ती 'ग्रुप थिएटर'मधून. १९४८मध्ये सुरू झालेल्या 'बहुरूपी' या संस्थेने शंभू मित्र यांच्या दिग्दर्शनाखाली टागोरांचं 'रक्तकरबी' १९५४मध्ये रंगमंचावर आणलं. अशा संस्थांमधले अनेक कलाकार दिवसा नोकरी करायचे आणि संध्याकाळी तालीम. पोट नोकरीवर, जीव नाटकावर!

बादल सरकार यांचंच पाहा ना. शिक्षणाने इंजिनीअर, नोकरी नगररचनेची. साठच्या दशकात ते कामासाठी नायजेरियात होते आणि तिथे राहूनही बंगालीत नाटकं लिहीत होते. म्हणजे 'एवम् इंद्रजित'चा हा लेखक काही वर्षं स्वतःच परदेशात राहणारा बंगाली होता. त्यांचं 'जुलूस' अमोल पालेकरांनी मराठी रंगभूमीवर आणलं. आणि 'गोलमाल' सिनेमात पालेकरांचा घाम काढणारे भवानीशंकर आठवतात? ते उत्पल दत्त म्हणजे बंगाली रंगभूमीचं फार मोठं नाव. म्हणजे टीव्हीवर 'गोलमाल' बघताना मराठी आणि बंगाली नाटक तुमच्या घरात एकत्रच हसत होतं!

खरी कसोटी भाषेची

आता जरा तालमीत डोकावून पाहू. आजीच्या हातातली संहिता बंगाली लिपीत असते. नातवाच्या मोबाइलमध्ये तेच संवाद देवनागरीत किंवा रोमन लिपीत लिहिलेले असतात, कारण तो दिल्लीत जन्मला, शाळेत हिंदी-इंग्रजी शिकला. बंगाली त्याला कळतं, वाचता येत नाही. मग तो वाचतो 'लक्ष्मी' आणि आजी म्हणते, "लोख्खी, बाबा, लोख्खी!" तो 'जल' म्हणतो, आजी 'जॉल' म्हणायला लावते. असं वीस वेळा.

घरी आजीने वीस वेळा टोकलं असतं, तर पोराने कानात इअरफोन घातले असते. पण इथे सगळ्यांसमोर उभं राहायचं असतं. मित्र पाहणार असतात, चूक झाली तर हशा पिकणार असतो. म्हणून तो शब्द घोटत राहतो. ज्या पिढीला भाषा फक्त 'जेवायला ये' आणि 'दार लाव' एवढीच उरण्याची भीती आहे, तिच्या तोंडी महिनाभर राग, प्रेम, टोमणे, विनवण्या येतात. भाषेचा क्लास लावून हे साधेल का, सांगा बरं?

आणि हेही लक्षात घ्या, कोलकात्याच्या कलाकारांना दिल्लीत बंगाली समजणारा प्रेक्षक मिळतो, तो अशाच तालमींमधून तयार झालेला असतो. काका-काकूंचं नाटक बंद पडलं, तर आणखी वीस वर्षांनी त्या मोठ्या प्रयोगासमोर कोण बसेल?

तुम्हीही करून पाहा

दिल्लीत असाल तर षष्ठी ते नवमीदरम्यान एक संध्याकाळ सी. आर. पार्कसाठी ठेवा. बंगाली येत नसलं तरी चालेल. एरवी तिथलं बिपिनचंद्र पाल सभागृह आहे. हो, 'लाल-बाल-पाल'मधले पाल! गोल मार्केटजवळचं मुक्तधारा सभागृहही आहे.

आणि तुम्ही इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बंगळुरूत राहणारे मराठी असाल, तर येत्या गणेशोत्सवासाठी एवढं करा :

* वीस-पंचवीस मिनिटांची एकांकिका निवडा. तीन अंकांच्या मागे लागू नका.

* एका नाटकात तीन पिढ्या घ्या. आजोबांना लहानशी भूमिका द्या, पण द्याच.

* ज्या मुलांना मराठी वाचायला अडखळायला होतं, त्यांना संवाद ऐकवून पाठ करून घ्या. उच्चार सुधारायचं काम आजीवर सोपवा.

* महाराष्ट्रातून एखादं नाटक बोलावणार असाल, तर त्याच्या आधी आपल्या मंडळाचा छोटा प्रयोग ठेवा.

वाक्य विसरलं तर विसरू द्या. मिशी सुटली तर सुटू द्या. पुढच्या वर्षी तोच मुलगा विंगेत उभा राहून दुसऱ्या कुणाला तरी हळूच सांगत असेल, "अरे, 'पाणी'तला 'ण' नीट म्हण!" त्या दिवशी आजीने टाळ्या वाजवल्या, की समजा प्रयोग यशस्वी झाला.