तिघांनी एकमेकांना हरवलं, मग पहिला कोण?

टेक्सासने ओक्लाहोमाला हरवलं, ४५-३५. टेक्सास टेकने टेक्सासला हरवलं, ३९-३३. मायकल क्रॅबट्रीने सीमारेषेला खेटून चेंडू झेलला आणि तसाच आत घुसला, तेव्हा घड्याळात एकच सेकंद उरला होता. तीन आठवड्यांनी ओक्लाहोमाने याच टेक्सास टेकची ६५-२१ अशी धूळधाण केली. साल २००८. खेळ अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू काखोटीला मारून पळायचा तो. तिन्ही संघ विद्यापीठांचे आणि तिघेही एकाच गटातले. नेहमीच्या बारा सामन्यांपैकी प्रत्येकाने अकरा जिंकले आणि जो एक हरला, तो या तिघांतल्याच एकाशी.

आता पहिला कोण ते सांगा.

दगड-कागद-कात्री खेळणारं पोरही सांगेल की या प्रश्नाला उत्तर नाही. १७८५ मध्ये कोंदोर्से या फ्रेंच विद्वानाने मतदानाबद्दल लिहिताना हेच चक्र मांडलं होतं. एकेका मतदाराची आवड अगदी सरळ असते, पण मतं एकत्र केली की अ ला ब पेक्षा, ब ला क पेक्षा आणि क ला अ पेक्षा जास्त पसंती मिळू शकते. यात कोणी लबाडी केलेली नसते. गुंता आकड्यांच्या पोटातच असतो.

पण गटाच्या अंतिम सामन्याला एकालाच पाठवायचं होतं. नियमाप्रमाणे राष्ट्रीय क्रमवारी पाहिली गेली, ओक्लाहोमा थोडक्यात पुढे निघाला, पुढे राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिथे फ्लोरिडाकडून हरला. टेक्सासचे चाहते ‘४५-३५’ हे आकडे घोषणेसारखे म्हणत राहिले. आमनेसामने आम्हीच जिंकलो होतो, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त टेक्सास टेकवालेही तेच म्हणू शकत होते.

या खेळात क्रमवारीवरून इतकी डोकेफोड का होते, ते एका साध्या हिशेबात दिसतं. वरच्या श्रेणीत २०२५ मध्ये १३६ संघ होते. त्यांच्या जोड्या होतात ९,१८०. प्रत्येक संघ अंतिम फेऱ्यांपूर्वी बाराच सामने खेळतो (या खेळात अंग इतकं मोडतं की फार जास्त खेळणं परवडत नाही), म्हणजे एकूण सामने साधारण आठशे. दहातल्या नऊहून जास्त जोड्या कधी समोरासमोर येतच नाहीत. आयपीएलमध्ये दहा संघांच्या अवघ्या ४५ जोड्या आणि प्रत्येक जोडी निदान एकदा तरी भिडते. गुणतक्ता पाहिला की झालं. इथे गुणतक्ता करायचा तर न झालेल्या आठ हजारांवर सामन्यांचा अंदाज बांधावा लागतो.

इतकी दशकं हा अंदाज बांधला कोणी? आधी पत्रकारांनी. असोसिएटेड प्रेसने १९३६ मध्ये आपली मतमोजणी सुरू केली. १९५० पासून प्रशिक्षकांचीही वेगळी मतमोजणी आली, म्हणजे ज्यांचे संघ रिंगणात तेच परीक्षक. नवल असं की विद्यापीठीय खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए या श्रेणीतला फुटबॉल विजेता कधीच ठरवत नाही. त्यामुळे पत्रकारांचा राजा एक आणि प्रशिक्षकांचा दुसरा, असंही व्हायचं. १९९७ मध्ये मिशिगन आणि नेब्रास्का दोघांनीही मुकुट चढवला.

पक्षपात म्हटलं की आपल्याला वशिला आठवतो. इथला पक्षपात बहुतेकदा त्याहून निरागस असतो आणि म्हणूनच जास्त चिवट. २००४ चं उदाहरण घ्या. हंगामापूर्वी, एकही चेंडू फेकला गेलेला नसताना, पत्रकारांनी यूएससीला पहिलं, ओक्लाहोमाला दुसरं आणि ऑबर्नला सतरावं ठेवलं. तिघेही एकही सामना हरले नाहीत. जिंकणाऱ्याला खाली ढकलायचं कसं? म्हणून वरचे दोघे वरच राहिले, ऑबर्न एकेक पायरी चढत तिसऱ्यावर येऊन अडकला आणि अंतिम सामना पहिल्या दोघांतच झाला. यूएससीने ओक्लाहोमाला ५५-१९ असं लोळवलं. ऑबर्नचा गुन्हा एवढाच, की ऑगस्टमध्ये कोणाला त्याच्याबद्दल फारसं वाटलं नव्हतं.

माणसांच्या या खोडीवर उतारा म्हणून १९९८ पासूनच्या बीसीएस या अंतिम सामन्याचे दोन संघ ठरवणाऱ्या पद्धतीत संगणकांना वाटा दिला होता. त्यातलं वेस्ली कॉली या खगोलशास्त्रज्ञाचं गणित मला फार आवडतं, कारण त्याला संघाचं नाव, इतिहास, गर्दी यांतलं काही कळत नाही. एकही सामना न खेळलेल्या प्रत्येक संघाला ते अर्धा गुण देतं. मग जिंकलेल्या सामन्यांत एक मिळवायचा आणि खेळलेल्या सामन्यांत दोन मिळवून त्याने भागायचं. तीनपैकी तीन जिंकले तर चार भागिले पाच, म्हणजे ०.८. तीन सामन्यांवर कोणाला पूर्ण एक देण्याची घाई नाही. यानंतर खरी गंमत सुरू होते: कोणाशी खेळलात हे मोजायचं, तर प्रतिस्पर्ध्याचा गुण हवा; त्याचा गुण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून, आणि फिरत फिरत हिशेब पुन्हा तुमच्यापाशी येतो. म्हणून शंभराहून जास्त समीकरणं एकदमच सोडवायची. सगळे एकमेकांना ओढून धरतात आणि शेवटी प्रत्येक जण एका जागी स्थिर होतो. २००८ चे ते तीन सामने एवढेच या गणितात घातले, तर तिघांनाही बरोबर ०.५ मिळतात. उत्तर नाही, हे यंत्र किती शांतपणे सांगतं!

ही ओढाताण किती नाजूक असते, ते २०१० मध्ये दिसलं. क्रमवारी जाहीर झाल्यावर लक्षात आलं की कॉलीच्या माहितीत एक सामना भरायचा राहिलाय. सामना कोणता, तर खालच्या श्रेणीतला, वेस्टर्न इलिनॉय विरुद्ध ॲपलेशियन स्टेट. तो भरला आणि वरच्या यादीत बॉयझी स्टेट अकराव्यावरून दहाव्यावर सरकला, एलएसयू दहाव्यावरून अकराव्यावर. या दोघांपैकी कोणीही त्या सामन्यात नव्हतं.

आणि यंत्र निःपक्षपाती, तरी त्याला काय सांगायचं ते माणूसच ठरवतो. किती गुणांनी जिंकलात हे मोजायचं का? मोजलं तर बडे संघ दुबळ्यांना साठ-साठ गुणांनी चेचत बसतील, म्हणून २००२ पासून संगणकांना फरक बघायची बंदी झाली. नाही मोजलं तर एका सेकंदाने मिळालेला निसटता विजय आणि ६५-२१ हा विजय एकाच भावाने जातात. यातलं न्याय्य काय, हे समीकरण सोडवून कळत नाही.

२०१४ मध्ये बीसीएस संपली आणि तेरा जणांची समिती आली. त्यात विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू; पहिल्या समितीत तर माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राइसही होत्या. डॅलसजवळच्या ग्रेपवाइनमधल्या एका हॉटेलात ही मंडळी बसतात. ऑगस्टची चूक टाळायला पहिली यादी हंगाम निम्म्याहून जास्त सरल्यावरच काढतात. ज्याचा आपल्या विद्यापीठाशी पगाराचा संबंध आहे, त्याने त्या संघाची चर्चा चालू असताना खोलीबाहेर जायचं. गुप्त मतदानही तुकड्यातुकड्यांनी: सहा संघ निवडायचे, त्यांना क्रम लावायचा, वरचे तीन पक्के करायचे, उरलेल्या तिघांत नवे तीन मिसळून पुन्हा तेच. इतकी काळजी घेऊनही ३ डिसेंबर २०२३ ला अमेरिका पेटली.

तेव्हा प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीत, चारच जागा होत्या. फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने जिंकले होते, गटाचं विजेतेपदही त्यांचंच. पण १८ नोव्हेंबरला त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो. गटाचा अंतिम सामना त्यांनी तिसऱ्या फळीतल्या नवख्या पोराला उतरवून १६-६ असा जिंकला. समितीने चौथी जागा एक सामना हरलेल्या अलाबामाला दिली. बड्या गटाचा अपराजित विजेता प्लेऑफबाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ. ट्रॅव्हिसने लिहिलं की आपला पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे संघ नुसत्या क्वार्टरबॅकवर चालत नाही हे लोकांना दिसलं असतं.

सगळ्या भांडणाची मेख इथे आहे, असं मला वाटतं. क्रमवारीच्या एकाच यादीत दोन प्रश्न कोंबलेले असतात. उद्या मैदानात उतरले तर कोण जिंकेल, हा एक. आजवर कोणी जास्त कमावलं, हा दुसरा. पहिला भविष्याचा, दुसरा हिशेबाचा. समितीच्या नियमांत ‘सर्वोत्तम’ संघ निवडा असं आहे आणि महत्त्वाचा खेळाडू नसणं हाही विचारात घ्यायचा मुद्दा आहे. म्हणजे समितीने नियम मोडला नाही. पण तेरा सामने जिंकलेल्या पोरांना ‘उद्या तुम्ही हराल असं आम्हाला वाटतं’ म्हणून घरी पाठवायचं असेल, तर सामने खेळवायचे कशाला? पुढे फ्लोरिडा स्टेट ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियाकडून ६३-३ असा हरला आणि समितीचे समर्थक ‘बघा!’ म्हणाले. मला तो पुरावा पटत नाही. त्या दिवशी संघातले कितीतरी प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते.

२०२४ पासून जागा बारा झाल्या. प्रत्येक जागेमागे गटाला ४० लाख डॉलर मिळतात, तेव्हा भांडण संपण्याचा प्रश्नच नव्हता. ते चौथ्या-पाचव्यावरून दहाव्या-अकराव्यावर सरकलं, कारण बारांतल्या काही जागा गटविजेत्यांना राखीव, मग ते यादीत खाली का असेनात. २०२५ मध्ये नोत्र दाम दहावा आणि मायामी बारावा होता. शेवटच्या आठवड्यात दोघेही खेळलेच नाहीत. अकरावा बीवाययू हरून खाली घसरला, दोघे शेजारी आले, आणि शेजारी आल्यावर समितीला आठवलं की हंगामाच्या सुरुवातीला मायामीने नोत्र दामला २७-२४ असं हरवलं होतं. मायामी आत, नोत्र दाम बाहेर. तो विजय आधीचे सगळे आठवडे कुठे होता? नोत्र दाम चिडून कुठलाच बोल सामना खेळला नाही. मायामी मात्र थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. दहाव्या जागेवरून शिरलेला संघ तिथवर पोचतो, तर अकराव्याच्या तक्रारीत दम नव्हता असं कसं म्हणायचं?

आणि कॉलीचं ते गणित? समिती आल्यावर संगणकाचं मत अधिकृतपणे संपलं, पण कॉली आपली यादी काढत राहिला. २०१७ मध्ये यूसीएफ हा छोट्या गटातला संघ अपराजित असूनही समितीने त्याला बाराव्यावर ठेवलं. हंगामाच्या शेवटी यूसीएफने ऑबर्नला ३४-२७ असं हरवलं. त्याच ऑबर्नने हंगामात अलाबामाला आणि जॉर्जियाला, म्हणजे अंतिम सामना खेळलेल्या दोन्ही संघांना, एकेकदा हरवलं होतं. अंतिम सामना अलाबामाने जिंकला. यूसीएफने स्वतःलाच विजेता घोषित करून डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली आणि देशभर त्यांची टर उडवली गेली. पण कॉलीच्या यादीत यूसीएफ पहिला आला आणि ती यादी एनसीएएच्या मान्य याद्यांपैकी एक. त्यामुळे एनसीएएच्या विक्रमांच्या पुस्तकात २०१७ पुढे अलाबामाचं नाव आहे, आणि यूसीएफचंही.