वर्तुळातील सुसम बहुभुजाकृती : त्रिकोणमितीचा उपयोग

उद्दिष्ट : वर्तुळाचा व्यास दिला असता त्यात बसणाऱ्या सुसम बहुभुजाकृतीची भुजा आणि क्षेत्रफळ काढणे.

१. मूळ सूत्र

समजा आकृतीला न भुजा आहेत. वर्तुळकेंद्र सर्व शिरोबिंदूंना जोडा. न एकरूप समद्विभुज त्रिकोण मिळतील. प्रत्येकाचा केंद्राजवळचा कोन ३६०° ÷ न. आता केंद्रातून एका भुजेवर लंब टाका. हा लंब कोनालाही दुभागतो आणि भुजेलाही. तयार झालेल्या काटकोन त्रिकोणात कर्ण म्हणजे त्रिज्या आणि कोनासमोरची बाजू म्हणजे अर्धी भुजा. म्हणून,

भुजा = व्यास × साइन (१८०° ÷ न)

सूत्र पाठ करू नका. हा एक काटकोन त्रिकोण काढता आला की ते दर वेळी मिळते.

२. 'लीलावती'तील सारणी

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त हेच काम सारणीने केले. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.) व्यासाला पुढील गुणकाने गुणा आणि १,२०,००० ने भागा, म्हणजे भुजा मिळते :

त्रिकोण १०३९२३
चौरस ८४८५३
पंचकोन ७०५३४
षटकोन ६००००
सप्तकोन ५२०५५
अष्टकोन ४५९२२
नवकोन ४१०३१

आता कॅल्क्युलेटरवर १,२०,००० × साइन (१८०° ÷ न) काढून पाहा. पाच गुणक पूर्णांकापर्यंत तंतोतंत जुळतात. सप्तकोनाला मात्र ५२०६६ आणि नवकोनाला ४१०४२ येते.

फरक नेमका या दोनच ठिकाणी का? ६०°, ४५°, ३६°, ३०° आणि २२.५° यांचे साइन फक्त वर्गमुळे घेऊन काढता येतात. २०° साठी घन समीकरण सोडवावे लागते. सप्तकोनाच्या कोनाचेही तसेच. याच कारणाने सुसम सप्तकोन आणि नवकोन केवळ पट्टी-कंपासने अचूक काढता येत नाहीत. तेथे आसन्न किंमतच वापरावी लागते.

ही चूक लहान आहे, पण ती साठत जाते. १२०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर सात छिद्रे आखायची आहेत. ५२०५५ हा गुणक घेतला तर अंतर ५२०.५५ मिमी येते. खरे अंतर ५२०.६६ मिमी. दर पावलाला सुमारे ०.११ मिमी कमी पडते, आणि सात पावले टाकून परत आल्यावर आरंभबिंदूपासून सुमारे ०.९ मिमी अलीकडे पोहोचतो. म्हणून आखणी करताना साइनची किंमत पुरेशा दशांश स्थळांपर्यंत घ्या.

३. क्षेत्रफळ

एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ ½ × त्रिज्या² × साइन (३६०° ÷ न). त्याला न ने गुणा.

उदाहरण : पानिपत हातमागाच्या सतरंज्या आणि गालिच्यांसाठी प्रसिद्ध आहे. समजा २ मी व्यासाच्या गोल तुकड्यातून मोठ्यात मोठा सुसम अष्टकोन कापायचा आहे. त्रिज्या १ मी, म्हणून क्षेत्रफळ = ४ × साइन ४५° = २.८२८ चौ. मी. वर्तुळाचे क्षेत्रफळ ३.१४२ चौ. मी. म्हणजे सुमारे १०% कापड वाया. षटकोन कापला तर क्षेत्रफळ २.५९८ चौ. मी. आणि वाया सुमारे १७%.

४. पायची किंमत

भुजा वाढवत नेल्या की आकृती वर्तुळाला चिकटत जाते. आत बसवलेल्या आणि बाहेरून स्पर्श करणाऱ्या आकृतींच्या परिमितींची तुलना केल्यास :

न × साइन (१८०° ÷ न) < पाय < न × टॅन (१८०° ÷ न)

न = १२ घेतल्यास ३.१०५८ आणि ३.२१५४ या मर्यादा येतात. न = ३८४ घेतल्यास ३.१४१५६ आणि ३.१४१६६. 'लीलावती'तील ३९२७ ÷ १२५० = ३.१४१६ ही किंमत याच मर्यादांत बसते.

५. सराव

(अ) १६० मिमी व्यासाच्या वर्तुळावर समान अंतरावर ८ बोल्टची छिद्रे आहेत. लगतच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधील सरळ अंतर काढा. (उत्तर : ६१.२३ मिमी)

(आ) षटकोनी नटाच्या समोरासमोरील बाजूंमधील अंतर २४ मिमी आहे. तो कमीत कमी किती व्यासाच्या गोल सळईतून निघेल? येथे २४ मिमी हा आतल्या वर्तुळाचा व्यास आहे, म्हणून साइन नव्हे, कोसाइन वापरा. (उत्तर : २४ ÷ कोसाइन ३०° = २७.७१ मिमी)

दिलेला व्यास आतल्या वर्तुळाचा की बाहेरच्या, हे आकृती काढून आधी ठरवा. मगच सूत्राकडे वळा.