शंभरचा आकडा नेहमीच हवासा नसतो

बाळाच्या तळपायाला गुंडाळलेल्या ऑक्सिमीटरवर ८० दिसलं की नातेवाइकांचा जीव खालीवर होतो; ऑक्सिजन वाढवा, असा आग्रह सुरू होतो. पण ज्याच्या हृदयाचा एकच मुख्य कप्पा काम करतो, अशा तान्ह्या बाळात पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ७५ ते ८५ टक्के हेच बहुधा उद्दिष्ट असतं. ऑक्सिजनमुळे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैलावतात. शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळून त्याच कप्प्यातून फुप्फुसांकडे आणि शरीराकडे जात असल्याने मग लोंढा फुप्फुसांकडे वळतो आणि आतडी, मूत्रपिंडं उपाशी राहतात. आकडा सुधारतो, बाळ मात्र खालावतं. म्हणूनच परिचारिका हातापायांचा गारठा, लघवीचं प्रमाण, फुगणाऱ्या नाकपुड्याही तितक्याच बारकाईने पाहते.

मग ऑक्सिजन कमी पडून मेंदूला इजा नाही का होणार? होऊ शकते, उद्दिष्टाखाली घसरण झाली तर वाट पाहून चालत नाही. फॅलोच्या जन्मजात हृदयविकारात बाळ अचानक निळं पडलं, तर गुडघे छातीशी दुमडून ऑक्सिजन द्यायचाच. फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेल्या बाळाच्या श्वासनळीतला कफ ओढतानाही आधी ऑक्सिजन वाढवतात आणि एक खेप १०-१५ सेकंदांत आटोपतात, कारण तेवढ्या त्रासानेही त्या रक्तवाहिन्या एकदम आवळू शकतात.