सोणाचे पाय आणि आपली मॅरेथॉन

वर्षावास संपला, पावसाने उघडीप दिली आणि वस्तीमागच्या मैदानात पहाटे पाचपासून पुन्हा पावलांचा आवाज सुरू झाला. त्यात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली सर्वात जास्त. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, राज्य राखीव दलासाठी 5 किलोमीटर. आता त्यांच्यासोबत मॅरेथॉनवालेही दिसू लागले आहेत. मुंबई मॅरेथॉन 2004 पासून साधारण जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते. पूर्ण शर्यत 42.195 किलोमीटरची, अर्धी त्याच्या निम्मी, शिवाय 10 किलोमीटरचीही असते. आपल्या पोरांनी छातीवर नंबर लावून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे राहावे याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

काळजी वाटते ती डिसेंबरची. दरवर्षी ऑक्टोबरात जोरात धावणारी निम्मी मुले डिसेंबरात लंगडताना दिसतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीची एक मुलगी भरतीसाठी झटत होती. सकाळी मैदान, संध्याकाळी डांबरी रस्ता, मध्ये चार घरची कामे. पायाच्या वरच्या बाजूला, मधल्या बोटाच्या मागे दुखू लागले. घरच्यांनी एका मालीशवाल्याकडे नेले. त्याने शीर चढली म्हणून पाऊल दोन दिवस जोरात चोळले. ती गोळी खाऊन धावत राहिली. तीन आठवड्यांनी पाऊल जमिनीवर टेकवेना, तेव्हा हाडाला बारीक चीर गेल्याचे कळले. भरतीची मैदानी चाचणी तिने घरी बसून मोबाइलवर पाहिली. ही चीर काही एका दिवसात पडलेली नव्हती.

विनयपिटकातल्या महावग्गात सोण कोळिविसाची हकीकत आहे. चंपा नगरीतल्या श्रीमंत घरचा हा मुलगा भिक्खू झाला. जन्मभर मऊ गालिच्यावर चाललेले पाय आणि आता चंक्रमण करायचे ते उघड्या जमिनीवर. तो इतक्या जिद्दीने चालला की तळवे फुटले आणि चालण्याची वाट रक्ताने माखली. एवढे करूनही फळ नाही म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तथागतांनी त्याला वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तर वीणा वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. पुढची गोष्ट मात्र प्रवचनात क्वचितच सांगितली जाते. भगवंतांनी त्याचे पाय पाहून त्याला एका तळाच्या वहाणा घालण्याची परवानगी दिली. मला एकट्याला नको, संघाला असेल तर घेईन, असे सोण म्हणाला, तेव्हा ती साऱ्या भिक्खूंना मिळाली. म्हणजे उपदेश झाला आणि पायाची सोयही झाली. आजचे डॉक्टर धावणाऱ्याला याहून वेगळे काही सांगत नाहीत.

पावलात 26 हाडे असतात. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार त्यावर येतो. हा भार हाडाला वाईट नाही. हाड त्याने मजबूत होते, पण विश्रांतीच्या काळात. महिनाभर घरी बसलेला मुलगा एकदम रोज 8 किलोमीटर धावू लागला की दम आठ-दहा दिवसांत वाढतो, हाड आणि शिरा मागे राहतात. छाती म्हणते पळ, पाय म्हणतो थांब, आणि आपण छातीचे ऐकतो. सगळी गडबड इथेच आहे. म्हणून या आठवड्यात एकूण 20 किलोमीटर झाले असतील तर पुढच्या आठवड्यात 22, फार तर 23. चौथ्या आठवड्यात थोडे कमी. आठवड्यातून दोन दिवस धावणे बंद. त्या दिवशी सायकल चालवा किंवा नुसते चाला. जानेवारीला अजून तीन महिने आहेत. आज शून्यावर असलेल्याने यंदा 10 किलोमीटरवर समाधान मानावे. पूर्ण मॅरेथॉन पुढे आहेच.

धावायला माती बरी, सिमेंटचा रस्ता सर्वात कडक. मैदान नसेल तर रस्त्याच्या एकाच कडेने रोज धावू नका. रस्ता कडेला उतरता असतो आणि एक पाय सतत तिरपा पडतो. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली अर्ध मॅरेथॉन धावलेल्यांना विचारा. चढणीला दम लागतो, पण पोटऱ्या आणि बोटे सोलून निघतात ती उतारावर.

कोणते दुखणे साधे आणि कोणते नाही, हे घरातल्या माणसांनाही कळायला हवे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत खिळा टोचल्यासारखे होते आणि दहा पावले चालल्यावर कमी होते, तर तळव्याचा पडदा दुखावलेला असतो. धुणीभांडी करणाऱ्या, दिवसभर उभ्या राहणाऱ्या आपल्या आयाबहिणींनाही हेच दुखणे असते. यावर घरचा उपाय चांगला चालतो. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली गोठवून रुमालात गुंडाळा आणि तळव्याखाली दहा मिनिटे पुढेमागे फिरवा. भिंतीला हात टेकून मागचा पाय सरळ, टाच जमिनीला चिकटवून पोटरी ताणा. अर्धा-अर्धा मिनिट, तीन वेळा. पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश वर नेणे आणि खाली सोडणेही रोज करा. बरे व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. घाई करू नका. नडगीच्या आतल्या बाजूने लांबवर ठणकत असेल तर अंतर निम्मे करा, बर्फाने शेका. पण दुखणे एकाच ठिकाणी, बोटाने दाखवता येईल असे असेल, दाबल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाची चीर समजून धावणे त्याच दिवशी थांबवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये ही चीर अनेकदा दिसत नाही. 'एक्स-रे चांगला आहे' एवढ्यावर पुन्हा मैदानात उतरू नका. वेळेत थांबल्यास बहुतेक चिरा सहा ते आठ आठवड्यांत भरतात. अशा पायाला मालीश मुळीच नको.

वेदनाशामक गोळी खाऊन धावण्याची खोड आम्हाला सगळ्यांत धोक्याची वाटते. एक तर ती शरीराची सूचना दडपते. दुसरे म्हणजे घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

आता बूट. अनवाणी धावणारी मुले अबेबे बिकिलाचे नाव सांगतात. खरे आहे, इथिओपियाचा हा धावपटू 1960 साली रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला. पण त्याला तसा सराव होता, आणि 1964 साली टोकियोत तो बूट घालून पुन्हा जिंकला, हेही सांगायला हवे. महाग बूट लागतात असे नाही. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेला असतो. धावताना घालायचे तेच मोजे घालून बघा. उभे राहिल्यावर सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर नखे काळी पडतात. बाजारात वापरलेले बूट स्वस्तात मिळतात. ते वरून चकचकीत असतात आणि आतला मऊ थर बसून गेलेला असतो. सपाट फरशीवर ठेवून मागून पाहा. एका बाजूला कलत असतील तर सोडून द्या. शाळेचे कॅनव्हास लांब धावण्यासाठी नाहीत. चांगला बूटही 500 ते 800 किलोमीटरनंतर थकतो, म्हणून धावायचा बूट कामाला घालू नका. नवा बूट शर्यतीच्या किमान तीन आठवडे आधी वापरात आणा. ओले मोजे तसेच घालणाऱ्यांना बोटांमध्ये चिखल्या होतात. पाय धुऊन बोटांमधली जागा कोरडी करा. दोन जोड मोजे आलटून पालटून पुरतात. फोड आला तर त्याची कातडी ओढून काढू नका.

मुलींबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. धावणे वाढले, खाणे तेवढेच राहिले, की पाळी लांबते किंवा बंद होते. बरे झाले, कटकट गेली असे समजू नका. हाडे ठिसूळ होण्याची ती खूण आहे. वर सांगितलेल्या मुलीचे असेच झाले होते. आईला चार महिन्यांनी कळले. धावणाऱ्या मुलीच्या ताटात भावाइतकेच वाढा, जमल्यास थोडे जास्त. नाचणीची भाकरी, तीळ, अंडे, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट. डब्यातल्या पावडरीपेक्षा यावर खर्च करा.

घरात कुणाला साखर असेल आणि तेही छोट्या अंतरासाठी नाव देणार असतील, तर आधी डॉक्टरांना तळवे दाखवा. पाय बधिर झालेले असतील तर खडा टोचलेलाही कळत नाही. 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. नव्या चपला घालून येऊ नका, रात्री घरी गेल्यावर तळवे उजेडात पाहा.

दुखणे दोन आठवड्यांत उतरले नाही तर महापालिकेच्या किंवा सरकारी मोठ्या रुग्णालयातल्या हाडांच्या बाह्यरुग्ण विभागात जा, आणि व्यायामोपचार विभाग असल्यास तिथे पाठवायला सांगा. रांग असते, सकाळी लवकर जावे. जाताना धावायचे जुने बूट पिशवीत घालून न्या. तळ कुठे झिजला आहे ते पाहून डॉक्टरांना पाऊल कसे पडते याचा अंदाज येतो.