लॅपटॉपचा प्रोसेसर : कामाचा आणि खेळाचा

परीक्षांचे निकाल लागले कीं बोईसरच्या दुकानांत एक प्रसंग हटकून घडतो. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस, मुलगी नुकतीच महाविद्यालयांत जाऊं लागलेली, धाकटा चिरंजीव खेळांचा नादी; आणि गांठीचे पैसे एका लॅपटॉपापुरते. 'काका, आय-सेव्हन घेऊन टाका,' असें दुकानदार म्हणतो, आणि सात हे पांचांहून अधिक या हिशेबानें वडील मान डोलावतात. घोटाळा येथेंच होतो.

नांवांतील सातापांचापेक्षां शेवटचें अक्षर अधिक बोलकें असतें. इंटेलच्या २०२३ सालच्या मालिकेंतील 'कोअर आय-७ १३५५यू' याचे गाभे, म्हणजे काम करणारे कोअर, दहा आहेत खरे. पण त्यांत जोरकस दोनच, बाकीचे आठ काटकसरी. त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट. 'कोअर आय-५ १३४२०एच' याचे गाभे आठच, परंतु जोरकस चार, आणि मर्यादा ४५ वॅट. तासन् तास ताण देणाऱ्या खेळांत हा पांचवाला त्या सातवाल्यास सहसा मागें टाकील. पत्रव्यवहार, हिशेब, व्याख्यानें ऐकणें यांस मात्र 'यू' पुरेसा होऊन उरतो, आणि बॅटरीही अधिक टिकते. त्याच वर्षाच्या अखेरीस इंटेलनें 'कोअर अल्ट्रा' हें नवें नांव काढलें. तेथेंही यू आणि एच हीं अक्षरें आहेतच.

एएमडीच्या नांवांत निराळी मेख आहे. तिच्या ७००० च्या मालिकेंत रचनेची पिढी तिसरा आंकडा सांगतो. 'रायझेन ५ ७५२०यू' नवाकोरा दिसतो. पण त्यांतील २ हा आंकडा २०१९ सालच्या रचनेचा. '७५३०यू' त्यापुढचा, '७५४०यू' आणखी पुढचा. हा नियम कंपनीनें उघड सांगितलेला आहे. पण दुकानांत उभें राहून तो आठवतो कोण?

वॅटांचा हा मामला तारापूरकरांस परका वाटूं नये. तेथील अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. त्याच्या पहिल्या दोन संचांची क्षमता मूळ प्रत्येकीं २१० मेगावॅट. ती पुढें १६० वर आणावी लागली. यंत्राच्या पाटीवरील आंकडा आणि यंत्राला रोज पेलणारा आंकडा एकच असतो असें नाहीं. शिवाय केंद्रांतील वाफ निववावयास अरबी समुद्राचें पाणी आहे. प्रोसेसर जी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी उष्णताच होते. आणि ती वाहून नेण्यास तांब्याच्या चपट्या नळ्या व एकदोन चिमुकले पंखे, एवढाच सरंजाम. उष्णता निघाली नाहीं कीं प्रोसेसर आपण होऊन वेग उतरवतो. मे महिन्याच्या दुपारीं तापलेल्या खोलींत हें लवकर घडतें.

खेळांत तर प्रोसेसराहून ग्राफिक्स कार्डाचें महत्त्व मोठें. तेथेंही तोच न्याय : एन्व्हिडियाचें लॅपटॉपांतील 'आरटीएक्स ४०६०' हें एकाच नांवाचें कार्ड कोठें ३५ वॅटवर, तर कोठें ११५ वॅटवर चालतें. दोहोंच्या खेळांत अर्थातच पुष्कळ अंतर पडतें. आणि पावसांत वीज गेली, म्हणजे खेळाचा लॅपटॉप बॅटरीवर आपला जोर राखूं शकत नाहीं.

मग एकच घ्यावयाचा तर कोणाच्या सोयीचा? निदान या घरापुरता निकाल मुलीच्या बाजूनें द्यावा लागेल. उद्यां ती चर्चगेटकडे नोकरीस जाऊं लागली, तर एकेका खेपेस दोन तासांहून अधिक वेळ गाडींत जाईल. तेव्हां खांद्यावरचें ओझें आणि बॅटरीची उमर यांचीच किंमत कळेल. चालू पिढीचा 'यू' आणि १६ जीबी स्मृति एवढ्यावर तिचें शिक्षण निभेल, धाकट्याचे हलके खेळही चालतील. जड खेळांसाठीं त्यास थांबावें लागेल. तो रुसेल, हें उघडच आहे.

पुढेंमागें त्याच्यासाठीं 'एच' घरीं आलाच, तर तो गादीवर ठेवून खेळूं देऊं नये. हवा आंत ओढण्याचीं छिद्रें बहुधा तळाशींच असतात.